कमी नको, घट्ट खा

डिचोली, गोवा, १९ जुलै

बाय,

तुझा मेसेज पहाटे पावणेसहाला आलेला दिसला. रात्रपाळीवरून घरी येऊन चपला काढायच्या आधी काट्यावर उभी राहिलीस, हे तू न सांगताच कळलं. "बाई, काटा अडून आज बाविसावा दिवस. ९४.६ किलोच. परत आठवडाभर नुसत्या लिक्विडवर जाऊ का?"

नको जाऊस. एवढंच असतं तर फोनवर दोन शब्दांत सांगितलं असतं. पण खाली लिहिलंस, "माझं ऑपरेशन फुकट गेलं वाटतं," म्हणून कागद काढला. पाच महिन्यांपूर्वी, वजन उतरवायचं ते पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा, ११८ किलो होतीस गो. तेवीस किलो गेलेत. जिन्यात दोनदा बसायचीस, आठवतंय ना?

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात असाच काटा अडला होता, तेव्हा मी म्हटलं होतं की काहीही करू नकोस, आपोआप सुटेल. आणि सुटला. त्याचं कारण वेगळं होतं. ऑपरेशननंतर खाणं एकदम आटतं, तेव्हा शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरतं. त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. म्हणून पहिल्या पंधरवड्यात काटा धडाधड खाली येतो. त्यात पाणी बरंच असतं, पण आपल्याला वाटतं सगळी चरबीच गेली. मग थोडं खाणं सुरू झालं की तो साठा परत भरतो, पाणी परत येतं, आणि आत चरबी जळत असूनही काट्यावर काही दिसत नाही. तो थांबा जवळजवळ सगळ्यांनाच लागतो.

आत्ताचा थांबा तसा नाही. आता थोडं बघायला हवं. घाबरायला नको, पण बघायला हवं.

एक कारण सरळ हिशोबाचं आहे. ट्रकला लागतं तेवढं डिझेल रिक्षाला लागत नाही. ११८ किलोचं शरीर चालवायला जेवढं इंधन लागायचं, तेवढं ९४ किलोच्या शरीराला लागत नाही. शिवाय वजन वेगाने उतरलं की शरीर स्वतःच जरा काटकसरीला लागतं. दुसरं कारण म्हणजे भूक. आपलं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह, त्यात पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथंच तयार होतं, म्हणून पहिले महिने भूक कुठे गेली तेच कळत नाही. आता ती हळूहळू परत येतेय. तुला दोन घासांऐवजी पाच जातायत. जायलाच हवेत. फक्त ते पाच घास कशाचे आहेत, हा प्रश्न आहे.

आता माझीच फजिती सांगते. शाळेत कुणाला सांगितली नव्हती.

मी २०१६ साली हेच ऑपरेशन करून घेतलं. सातव्या महिन्यात ८८ वर अडकले ती सहा आठवडे. घरात कुणी ना कुणी बोलायचंच. लांबची एक नणंद तर देवळात, सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढे पैसे घातले आणि अजून तशीच?" मी घरी येऊन ठरवलं, खाणं बंद. सकाळी दहाला पेज, दुपारी ताक, रात्री परत पेज. आपल्याकडे आजारी माणसाला पेज, दमलेल्याला पेज, उपाशी राहायचं असेल तरी पेजच! चार दिवसांत दीड किलो उतरलं, मी खूश. पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीत चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दुसरीच्या पोरांच्या रांगेवर कोसळले. घरच्यांनी जेवायला लावलं, आणि तीन दिवसांत दीडच्या दीड किलो परत आलं. गेलं होतं ते पाणीच होतं.

तेव्हा मी आहारतज्ज्ञ बदलली. पहिल्या ठिकाणी छापील कागद दिला होता, त्यावर क्विनोआ आणि ब्रोकोली. डिचोलीच्या बाजारात बुधवारी जाऊन ब्रोकोली शोध म्हणावं. दुसऱ्या बाईंनी कागद दिलाच नाही. विचारलं, "तुम्ही दिवसभरात काय खाता, ते ज्या भांड्यात खाता ते भांडं घेऊन या." मी आमचा स्टीलचा पेला नेला, मोठा, काठाला वाकलेला. त्यांनी तो पाण्याने भरला आणि मला घड्याळ दाखवलं. "पेज प्यायल्यावर किती वेळ भूक लागत नाही?" मी खरं सांगितलं, वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. "आणि भाजलेला बांगडा अर्धा खाल्लात तर?" तीन तास. त्या हसल्या आणि पुढे काही बोलल्याच नाहीत.

पेज, पातळ पदार्थ, रसात भिजवलेला पाव, बिस्किटं, शेव, फरसाण, आइस्क्रीम, हे सगळं आपल्या त्या केळ्याएवढ्या पोटातून घसरून जातं. ऑपरेशनने जी अडवणूक करून ठेवलीय, ती या गोष्टींना लागूच पडत नाही. घट्ट अन्न थांबतं, पोट ताणतं, 'पुरे' असा निरोप वर पाठवतं. पोटाचा बायपास केलेल्यांचं, म्हणजे ज्यांचं अन्न वळवून थेट आतड्यात सोडलेलं असतं त्यांचं, निदान इतकं तरी असतं की गोड जास्त झालं तर अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब, की पुन्हा हात लावायची हिंमत होत नाही. आपल्या स्लीव्हवाल्यांच्या दारावर बहुतेकदा तो पहारेकरीसुद्धा नसतो. नेवरी, म्हणजे आपली करंजी, गपचूप आत जाते.

म्हणून लिक्विडवर जाऊ नकोस म्हणते. काटा अडला की कमी नाही, घट्ट खायचं.

तुझ्या रात्रपाळीच्या हिशोबाने सांगते. वेर्ण्याला कंपनीच्या गेटबाहेरच्या गाड्यावर तुम्ही सगळ्या रोस ऑम्लेट, म्हणजे मसालेदार रसात घातलेलं ऑम्लेट, खाता, मला माहीत आहे. खा. पण ऑम्लेट आधी खायचं, रस चमचा-दोन चमचे, आणि पाव मैत्रिणीला द्यायचा. कोरडा पाव तुझ्या घशाखाली अडकतो म्हणून तू तो रसात बुडवतेस ना? अडकतो तेच बरं आहे, त्याला वंगण घालून आत ढकलू नकोस. घरी ताटात जेवू नको, चहाच्या बशीत घे. आधी मासळी किंवा अंडं किंवा कडधान्य, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भात. हुमण, म्हणजे नारळाची माशाची कढी, हवं तर बोटाने चाखण्याएवढं, नारळाचा रस म्हणजे शेवटी तेलच. आणि सोलकढी जेवणाबरोबर नाही. जेवून अर्धा तास झाल्यावर, घोटघोट. मला हे सगळ्यात जड गेलं, अजूनही सणाच्या पंगतीत हात आपोआप वाटीकडे जातो.

जेवण वीस-पंचवीस मिनिटांचं हवं. पोट भरल्याची खूण तुझी कोणती आहे ते शोध. माझी म्हणजे नाक वाहायला लागतं. खरंच. काहींना उचकी लागते, काहींना छातीच्या हाडाखाली दाब येतो. ती खूण आली की बशीत अर्धा घास उरला असला तरी उठायचं. तो अर्धा घास आईला वाया गेल्यासारखा वाटेल. वाटू दे.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन असं तुझ्या डॉक्टरांनी सांगितलंय. ऐकायला सोपं, पण मोजायला बसलं की घाम फुटतो. दोन अंडी म्हणजे १२. शिजवलेली मासळी १०० ग्रॅम, काटे काढून, साधारण २०. वाटीभर शिजवलेले मूग किंवा अळसांदे (चवळी) सात-आठ. ६० ग्रॅम पनीर अकराच्या आसपास. प्रोटीन पावडरीचा डब्यातला एक मापचमचा वीस-बावीस, डब्यावर लिहिलेलं असतं, वाचून घे. आता ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बाजारात जे येतं ते एक तर बर्फातलं नाही तर सोन्याच्या भावाचं. आणि बंदी उठते न उठते तोच तुमच्या घरी श्रावण, म्हणजे गणेश चवथीपर्यंत अंडंसुद्धा नाही. दर वर्षी या दिवसांतच आपल्यातल्या बायकांचा काटा अडतो आणि दर वर्षी त्यांना आश्चर्य वाटतं! श्रावणात सोयाबीनच्या वड्या, पनीर, मूग, घट्ट दही आणि पावडर दोनदा. पावडर बहुतेक दुधाचीच असते, देवाला चालेल. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र उपवास म्हणू नकोस, तो नुसता स्टार्च आहे.

बंदीच्या दिवसांत किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर), सुके बांगडे खात असशील. खा, पण दुसऱ्या दिवशी काट्यावर चढू नको. मिठाने पाणी धरतं, किलोभर वर दिसेल. मासिक पाळीच्या आधी तसंच. पोट साफ झालं नसेल तर तसंच, आणि आपल्याकडे ते फार होतं, पाणी कमी पडतं म्हणून. दीड लिटर तरी जायला हवं, पावसाळ्यात तहान लागत नाही तरीही. रात्रपाळीनंतर तर वजन करूच नको, झोप मोडलेलं शरीर काहीही आकडा दाखवतं. सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर, आठवड्यातून एकदा. मधल्या दिवसांत काटा कपाटावर. तिथं हात पोचायला स्टूल घ्यावं लागेल, तेवढा तरी विचार होईल.

त्या सहा आठवड्यांत माझा आकडा ८८ चा हलला नव्हता, पण चवथीला कासारीण बाजारात बसली होती तिच्यापुढे हात केला. माझी नेहमीची दोन-दहाची काकणं तिने चढवली आणि ती कोपरापर्यंत गेली. ती म्हणाली, "ही तुजी न्हय, बाय." दोन-आठची बसली. किलो तेवढेच होते, मनगट तेवढं नव्हतं. तू कमरेला दोरा लावून गाठ मार, महिन्याने परत लाव.

व्यायामाचं तुला माहीत आहे. फक्त चालणं पुरत नाही, वजन उचलायचं. प्रोटीन कमी आणि हालचाल कमी असली की चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि स्नायू गेला की इंधन आणखी कमी लागतं. पाऊस आहे म्हणून बसू नकोस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन घरातच कर.

केस गळतायत म्हणून रडू नको, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच जणींचे गळतात, बहुतेकींचे परत येतात. पण गोळ्या चुकवतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. त्या जन्मभराच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नको, दोन तासांचं अंतर ठेव, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. रक्ताची तपासणी राहिली असेल तर आधी ती, थायरॉइडसकट. कधीकधी काटा तिथं अडलेला असतो आणि आपण भाताला दोष देत बसतो. आणि एक गोष्ट अजिबात अंगावर काढायची नाही: दोन-तीन दिवस उलट्या थांबत नाहीत, पाणी टिकत नाही, पाय बधिर वाटतात, चालताना तोल जातो, तर तडक डॉक्टर. बी वन जीवनसत्त्व कमी पडलं तर नसांवर जातं, त्याला वाट बघणं परवडत नाही.

उर्राकाचे (काजूच्या दारूचे) दिवस गेले, पण लग्नांचे येतील. आता दारू तुला पूर्वीसारखी चढणार नाही, लवकर आणि जास्त चढू शकते, आणि तू स्कूटरवर असतेस. पहिलं वर्ष तरी नाही म्हण. मी सातवीत तुला 'नाही' हा शब्द शंभर वेळा लिहायला लावला होता, कशासाठी ते मात्र विसरले.

लग्नाचं बघताहेत म्हणे. ठरू दे. पण वजन उतरलं की दिवस जाण्याची शक्यता वाढते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. दीड वर्षापर्यंत मूल नको, असं डॉक्टर म्हणतात, ते आईला तू सांगणार नसशील तर मी सांगते. आणि सासरच्यांनी पहिल्याच दिवशी ताट भरून वाढलं, तर काय करायचं ते आपण दोघी आधी घरी बसून ठरवू. मला त्यात बराच अनुभव आहे.

आजपासून आठ दिवस सगळं वहीत लिही. चाखलेलंसुद्धा, भावाच्या ताटातलं उचललेलंसुद्धा. कॅलरी वगैरे लिहू नकोस, नुसतं किती वाजता, काय, आणि त्यानंतर किती वेळाने भूक लागली. ती वही घेऊन पुढच्या शनिवारी ये. आणि घरात ज्या भांड्यातून पेज पितेस ते भांडंही घेऊन ये.

गालमो (सुका जवळा) आणू नकोस, माझ्याकडे डबाभर आहेत.

तुझी,
बाई