रविवारी पांडवलेणी, मग सोमवारी मान का धरते?

प्रश्न : मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, वय ३९. पाथर्डी फाट्याला राहतो, काम घरूनच. दुपारी बारा ते रात्री दहा डायनिंग टेबलावर लॅपटॉप. दर रविवारी पांडवलेणी चढतो. तरी मान धरते, उठल्यावर कंबर लगेच सरळ होत नाही आणि परवाच्या तपासणीत साखर काठावर आली. व्यायाम करूनही असं का? महागडी खुर्ची घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खुर्चीचे पैसे तूर्त राहू द्या. पांडवलेणी मात्र सोडू नका, फक्त आठवडाभराचा हिशेब तिच्या पायऱ्यांवर टाकू नका. आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात असे रविवारचे गिर्यारोहक बरेच येतात. चढून-उतरून थेट मिसळीवर, आणि सोमवारपासून पुन्हा बूड हलत नाही. (मिसळीवर माझा राग नाही, मी नाशिकचीच आहे.)

जेवल्यावर रक्तातल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, त्यातही मांड्यांचे. तुम्ही बसलात की ते दुकानाकडे फिरकतच नाहीत, साखर रक्तात रेंगाळते. सकाळी केलेल्या व्यायामाने दुपारची ही बैठक पूर्ण भरून निघत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३ मधल्या एका छोट्या अभ्यासात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. तुमचा मॅनेजर दर अर्ध्या तासाला सोडणार नाही, ठाऊक आहे मला. पण ज्या कॉलमध्ये फक्त ऐकायचं असतं, तो कानात इअरफोन घालून गॅलरी ते हॉल फेऱ्या मारत ऐका. टेबलावरची दोन लिटरची बाटली उचला आणि पेला ठेवा. पाण्यासाठी उठावं लागेल, मग बाथरूमसाठीही. रात्रीचं जेवण स्क्रीनसमोर नको, आणि जेवल्यावर सोसायटीत दहा-पंधरा मिनिटं चक्कर हवीच.

आता मान. डायनिंग टेबल साधारण ३० इंच उंच असतं, जेवायला ठीक, टायपिंगला उंच. म्हणून खांदे कानाकडे चढतात. लॅपटॉपची स्क्रीन मात्र खाली, म्हणून मान वाकते. स्क्रीन वर हवी आणि हात खाली हवेत, पण लॅपटॉपमध्ये दोन्ही एकमेकांना बांधलेले. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. खर्च करायचाच तर इथे. लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक रचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. बैठकीवर घडी घातलेली गोधडी, म्हणजे कोपर टेबलाच्या पातळीला येतील. पाय लोंबकळले तर खाली पाट. (देवासमोरचा नको, आई रागावतील.)

कंबर न सरळ होण्याचं कारण बहुधा मांडीच्या मुळाशी, पुढच्या बाजूला आखडलेले स्नायू. एक गुडघा जमिनीवर टेका, दुसरा पाय पुढे, पाठ ताठ, मागच्या पायाकडचा कुल्ला आवळा आणि कंबर किंचित पुढे न्या. मागे असलेल्या पायाच्या मांडीत, पुढच्या बाजूला ओढ जाणवली पाहिजे, कमरेत नाही. तीसेक सेकंद, दोन्ही बाजूंनी, दिवसातून दोन-तीनदा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पांडवलेणीने त्यातला थोडाच भाग होतो. उरलेला गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर भरभर चालून भरा. तुमची सकाळ तर मोकळीच आहे.

बोटांना मुंग्या येत असतील, हातातली वस्तू निसटत असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर यातलं काही करत बसू नका, आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि साखरेसाठी तुमच्या डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या.