खरं सोंगकेट कसं ओळखायचं?

उलटं करून जरूर बघा, पण पैठणीच्या डोळ्यांनी बघू नका.

मलेशियाहून आईसाठी सोंगकेट, म्हणजे तिकडचं जरीकामाचं विणलेलं कापड, आणायचंय, ते हातमागाचं आहे की नाही हे कसं कळेल आणि त्याचं ब्लाउज शिवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न वाचला आणि मला आमच्या नणंदबाई आठवल्या.

क्वालालंपूरला असताना आम्ही एकदा मलेशियाच्याच त्रेंगानू राज्यात गेलो होतो. तिथे एका बाईंच्या घरी माग बघितला. 'केक' म्हणतात त्याला. ताण्याचे मोजून धागे उचलायचे, त्याखालून जर, म्हणजे जरीचा धागा, सरकवायची, मग साधा बाणा, मग पुन्हा जर. टोचून उचलणं म्हणजे 'सुंगकिट', त्यावरूनच सोंगकेट हे नाव. मी तासभर बसले, तेवढ्यात कापड बोटभरही पुढे गेलं नाही. त्यांच्याकडूनच नणंदेसाठी शेला घेतला. काठाला 'पुचुक रेबुंग', म्हणजे आपल्या बांबूच्या कोंबांसारखी त्रिकोणी ओळ. पिवळा तिकडे राजघराण्याचा रंग, म्हणून मुद्दाम तांबडा निवडला.

घरी आल्यावर नणंदबाईंनी पहिलं काय केलं, तर शेला उलटा केला. "अगं, मागे धागे सुटलेत. फसवलं तुला!" सगळ्यांसमोर. आमच्या ह्यांनी पेपर आणखी वर धरला. पाठोपाठ, "हळदीच्या रंगाचा नव्हता का?"

आत-बाहेर सारखं दिसलं पाहिजे ही पैठणीची परीक्षा. पैठणीत बुट्टीचा धागा त्या बुट्टीपुरताच ताण्यात गुंततो, म्हणून ती उलटीही सुलटीसारखीच. सोंगकेटात जर जादाची असते, साध्या विणीवर वरून घातलेली. ती सगळी उपसून काढली तरी खाली अखंड कापड उरेल. मग एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे जाताना ती मागे मोकळी दिसणारच! मागे काहीच दिसत नसेल तर उलट संशय घ्या, ते छापील असेल. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही.

पुढे त्यांनी त्या शेल्याची चौकोनी घडी घालून कपाटात साड्यांखाली दाबून ठेवली. सोंगकेट गुंडाळून ठेवायचं असतं, नाहीतर घडीवर जर मोडते. दोन वर्षांनी काढलं तर रेघा पडलेल्या. "तिकडचा मालच तकलादू." 2021 साली युनेस्कोच्या यादीत मलेशियाचं सोंगकेट आलं, तेव्हा मी ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. नणंदबाईंनी नुसता अंगठा टाकला.

ब्लाउजचं म्हणाल तर माझ्या मते शिवू नका. तिकडे लग्नात नवरा-नवरी एका दिवसाचे राजाराणी, तेव्हा नवऱ्या सोंगकेटचे कपडे शिवून घालतात, पण ते ऐसपैस असतात. आपल्या घट्ट ब्लाउजात काखेपाशीच जर उसवेल. आईला शेलाच घ्या. वडिलांसाठी हवं असेल तर सांपिन घ्या. पुरुष सदरा-विजारीवर कमरेला गुंडाळतात ते आखूड वस्त्र, ईदला आणि लग्नात हमखास दिसतं. ते कसं गुंडाळायचं हे दुकानातच शिकून घ्या, लिहून कळत नाही.

एक राहिलंच. हल्लीची जर बहुतेक सोन्याची नसते, त्यामुळे सोन्याच्या नावाखाली कुणी भाव वाढवला तर पुढच्या दुकानात जा. आणि यंत्रावरचं चांगलं कापड माझ्या नजरेलाही चटकन ओळखू येत नाही, तेव्हा शक्य तर विणणाऱ्यांच्या घरून घ्या.

तो शेला मी परत मागितलाय. "शोधते" म्हणाल्या, त्याला आता वर्ष झालं.