उरलेले दोन रविवार आजीकडे

प्रश्न: आम्ही मूळचे म्हापशाचे, आता श्टुटगार्टला असतो. आठ वर्षांची मुलगी दरवर्षी शाळेतल्या मैत्रिणींसारखं घरी अ‍ॅडव्हेंटचं चक्र, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांसाठी चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं करते, रविवारी मेणबत्त्या लावते. २०२६ मध्ये ११ डिसेंबरला आम्ही गोव्यात पोचतोय. उरलेले दोन रविवार तिला आजीकडे पाळायचे आहेत. घरात देवघर, तुळस, जुन्या वळणाचे सासरे. कसं जमवावं?

उत्तर: आधी सासूबाईंना फोन करा, आणि बोलू द्या मुलीलाच. चार रविवार, पहिल्याला एक मेणबत्ती, दुसऱ्याला दोन, मग नाताळ. तिने हे समजावलं की आजीच विचारेल, परात कुठली काढू? सासऱ्यांना मात्र तुम्ही स्वतः सांगा, आणि आडपडदा न ठेवता सांगा: ही ख्रिस्ती घरांतली येशूच्या जन्माची वाट पाहण्याची रीत आहे. नुसती सजावट म्हणून खपवू नका. गोव्यात शेजारच्या घरातून नाताळच्या नेवऱ्या आणि दोदोल येतो, आपल्याकडून चवथीचं ताट जातं. त्यांना यात परकं काही वाटायचं कारण नाही. चक्र देवघरात किंवा तुळशीपुढे ठेवू नका. सोप्यावरचं टेबल योग्य.

२०२६ चे रविवार २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर. म्हणजे पहिले दोन श्टुटगार्टलाच होतील. त्या दोन जळक्या मेणबत्त्या कागदात गुंडाळून बॅगेतून आणा, शेजारी दोन कोऱ्या. चारही नव्या घेतल्या तर मुलीने पाहिलेली वाट पुसली जाईल. फोटोसाठी चारही एकदम पेटवायचा मोह टाळा. एवढं एक मी आग्रहाने सांगेन.

जर्मन घरांत बहुधा चारही लाल असतात. गोव्यातल्या चर्चमध्ये तीन जांभळ्या, एक गुलाबी दिसेल. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. तुम्ही पोचल्यावरचा पहिलाच रविवार तो, तेव्हा गुलाबी रिबीन बांधली तरी भागेल. मुलीला ही गोष्टही सांगा: १८३९ मध्ये हॅम्बर्गला योहान हिन्रिख विखर्न यांनी गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. नाताळ कधी, असं मुलं सारखी विचारायची म्हणून, असं सांगतात.

आता बांधणी. तिकडचं पाइनचं कडं इथे शोधत बसू नका. रुंद पितळी परात घ्या, तळाला ओली वाळू, तीत चार स्टीलच्या वाट्या रोवा आणि मेणबत्त्या वाट्यांत उभ्या करा. काठाभोवती हिरवा वेढा. गोव्यात नाताळाला सुरूच्या फांद्या वापरायची जुनी सवय आहे, पण त्या सुकल्या की भुरभुर पेटतात, आणि किनाऱ्यावरची झाडं कुणी तोडूही नयेत. मी आंब्याच्या डहाळ्या घेईन: पानं जाड, दम धरून राहतात. अधूनमधून परसातलं क्रोटन. सुकी पानं, कापूस, चमकी ज्योतीजवळ अजिबात नको. वेढा ज्योतीपासून चांगला वीतभर खाली राहू द्या.

११ तारीख शुक्रवार, म्हापशाचा बाजाराचा दिवस. प्रवासाने थकला नसाल तर रिबीन वगैरे तेव्हाच मिळेल. पुढच्या शुक्रवारी, १८ ला, पाला बदला, कारण १९ ला मुक्तिदिनाची सुट्टी.

लावताना छताचा पंखा बंद करा; गरम होत असेल तर जेवणाआधीच लावा, वीस मिनिटं पुरतात. काडी मोठ्याने ओढावी, मेणबत्ती मुलीने मोठ्याच्या हाताला धरून पेटवावी. माणसं उठली की विझवायची, कुणी येईल म्हणून तेवत ठेवायची नाही. दुपारच्या उन्हात परात ठेवू नका, मेणबत्त्या वाकतात.

चौघींच्या मधोमध पाचवी, पांढरी मेणबत्ती ठेवणार असाल तर ती २४ तारखेच्या रात्री लावा. शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्या रात्री मुलीला त्यांचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, पाहायला न्या, आणि जाताना आजीच्या हातचं काहीतरी डब्यात घालून न्या.