पुण्याहून आइंडहोवनला: लघुचित्रं कशी न्यावीत

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला कायमचं जायचं ठरलंय, घरचं सामान कंटेनरने जाणार, आणि त्यात काचेच्या फ्रेममधली सात राजस्थानी लघुचित्रं, सावंतवाडीच्या गंजिफ्याचा (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा) एक डबा आणि आजोबांकडचं सचित्र पोथीचं एक पान आहे. पॅकर्सवाला म्हणतोय, "बबल रॅप मारून देतो, काही होत नाही." त्याला सोफा आणि मिक्सर पॅक करू दे. चित्रांना हात लावू देऊ नका.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कंटेनरमध्ये फ्रेमा जाऊ देत, चित्रं नकोत. चित्रं फ्रेममधून बाहेर काढून, सपाट बांधून, विमानात स्वतःच्या हाताने न्यायची. ते कसं, हे पुढे सविस्तर सांगते. पण आधी पोथीच्या पानाचं बघू, कारण तो प्रश्न पॅकिंगचा नाहीच.

1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी चित्रं, मूर्ती वगैरे देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांना तर मर्यादा 75 वर्षांची आहे. "घरचंच आहे, विकायचं थोडंच आहे" हे तिथे चालत नाही. मालकी तुमची असली तरी वस्तू भारतातच राहते. आजोबांच्याही आधीचं पान असेल तर ते न्यायचा विचार सोडा. शिवाय सचित्र हस्तलिखितं आणि जुनी चित्रं बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करायची असते, ती झालीय का बघून घ्या. पान भावाकडे ठेवा, किंवा घरात कुणालाच सांभाळायचं नसेल तर पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, भांडारकर संस्था आहे, तिथे विचारा. चांगलं स्कॅन करून घ्या आणि आइंडहोवनच्या घरात त्याची छापील प्रत लावा.

सात चित्रं तुम्ही गेल्या दहा-बारा वर्षांत जयपूर-उदयपूरहून घेतलेली, म्हणजे कायद्याने मोकळी. तरी ती उलटून बघा. तिकडचे बरेच चित्रकार जुन्या स्टॅम्पपेपरवर किंवा खतावणीच्या पानांवर रंगवतात, मागे फारसी-उर्दू मजकूर आणि शिक्का असतो. चित्र कालचं आणि कागद पणजोबांच्या वेळचा! विमानतळावरच्या कस्टम्स अधिकाऱ्याने ते बघून थांबवलं तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. अशा चित्रांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो. फोटो, मापं आणि अर्ज द्यावा लागतो, वस्तू दाखवावी लागते. वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं करा. बाकीच्यांसाठी दुकानाचं बिल आणि मागे चित्रकाराची सही असली तरी खूप मदत होते. आणि सातांत एखादं छोटं लंबगोल, 'हस्तिदंतावरचं' म्हणून घेतलेलं असेल तर ते सोबत नेऊ नका. बाजारात आज त्या नावाने बहुतेक उंटाचं हाड किंवा प्लास्टिकच विकतात, पण खरं निघालं तर वन्यजीव कायदा आहे, आणि खोटं असल्याचं विमानतळावर सिद्ध करत बसणं तुमच्या नशिबी येईल.

आता चित्रांकडे. बबल रॅपला माझा एवढा विरोध का, हे कळायला चित्र कसं बनतं ते ठाऊक हवं. खाली वसली: हातकागदाचे दोन-चार थर खळीने चिकटवून, वाळवून, अकीकाच्या दगडाने घोटून केलेला जाड कागद. वर दगडी रंग, लाल हिंगूळ, पिवळा हरताळ, निळा लाजवर्द, पांढऱ्यासाठी खडू किंवा सफेदा, हे सगळे डिंकात कालवलेले. वर वॉर्निश नाही, काही नाही. म्हणजे पाण्याचा एक थेंब पडला तरी रंग विरघळतो, आणि दमट हवेत डिंक मऊ होतो. सगळ्यात नाजूक भाग म्हणजे दागिने. राणीच्या गळ्यातले मोती जाड पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन उठावदार केलेले असतात. बोट फिरवलंत तर लागतील (फिरवू नका). झडायला लागतात ते आधी हेच मोती. त्यामुळे नियम एकच धरा: चित्राच्या चेहऱ्याला काहीही टेकता कामा नये. टिश्यू नाही, बटर पेपर नाही, बबल रॅप तर नाहीच. प्रवासभर हादऱ्यांनी घासत राहिलेला मऊ कागदसुद्धा मोती उडवतो. आणि प्लास्टिकचं पारदर्शक पाकीट, जे फोटोंना छान असतं, ते इथे टाळा. त्यावरच्या स्थिर विजेने सुटत आलेला रंग ओढला जातो.

काच काढायचीच. कंटेनरमध्ये काच फुटली की तुकडा थेट रंगावर फिरतो. आणि काच टिकली तरी फ्रेमच्या आत ओल अडकते. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जाणारी बरीच जहाजं 2023 च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्याने प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला. सध्या कुठला मार्ग आहे ते कंपनीला विचारा. मार्ग कुठलाही असो, उन्हात लोखंडी डब्यातली हवा 50 अंशांच्या वर जाऊ शकते, रात्री थंड झाली की छताच्या पत्र्याला पाणी सुटून ते खाली ठिबकतं. सामान वाहणारे लोक त्याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात. डिंक आणि खळ म्हणजे बुरशीचं जेवण, आणि हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते. सप्टेंबरात पुण्यातून बांधलेलं सामान आधीच दमट असतं.

फ्रेमा उघडायचं काम पाऊस नसलेल्या दिवशी, एसी असलेल्या खोलीत करा. आदल्या रात्रीपासून एसी चालू ठेवा, नवीन पुठ्ठेही त्याच खोलीत पसरून ठेवा म्हणजे तेही कोरडे होतील. पंखा बंद, चहा दुसऱ्या खोलीत. फ्रेम पालथी ठेवून मागचा कागद कापा, खिळे पकडीने काढा. आपल्याकडचे फ्रेमवाले मागे हार्डबोर्ड लावतात आणि कधी मध्ये वर्तमानपत्रही घालतात. दोन्ही आम्लधर्मी, चित्राला पिवळं करतात. कसर झाली असेल तर तीही तिथेच सापडेल. हे सगळं सरळ कचऱ्यात. एखादं चित्र काचेला चिकटलेलं दिसलं तर मात्र थांबा. ओढू नका, वाफ देऊ नका, इंटरनेटवरचे उपाय करू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. तेवढं एक चित्र नंतरच्या फेरीत आलं तरी चालेल.

मागे सेलोटेपने चिकटवलेलं असेल तर टेप सोलू नका, भोवतीचा पुठ्ठा कापून तसंच ठेवा.

आता बांधणी. प्रत्येक चित्रासाठी आम्लरहित माउंटबोर्डाचे तीन तुकडे, सगळे एकाच मापाचे, समजा 30 बाय 40 सेंटिमीटर. (चित्रं लहान असली तरी मापं सारखी ठेवा, गठ्ठा हलत नाही.) तळाच्या तुकड्यावर चित्र चार कोपऱ्यांच्या कागदी खोबणीत बसवा, जशा जुन्या अल्बममध्ये फोटोंना असायच्या. गोंद, टेप, डबल टेप काही नाही. त्यावर खिडकी कापलेला तुकडा, म्हणजे फ्रेमवाल्यांच्या भाषेत माउंट, खिडकी चित्राच्या रंगवलेल्या भागापेक्षा जराशी मोठी. ह्या खिडकीची जाडी महत्त्वाची: एक पातळ बोर्ड पुरत नाही, दोन-तीन चिकटवून किमान तीन मिलिमीटर करा. वरून तिसरा तुकडा झाकण म्हणून. झाकण खिडकीच्या कडांवर टेकतं, मोत्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. तिन्ही तुकड्यांना बाहेरून सुती फीत आडवी-उभी बांधा, सुटता येईल अशी गाठ. वर पेन्सिलने चित्राचं नाव, माप, आणि कुठली बाजू वर ते. अशी सात पुडकी एकावर एक ठेवून, वर-खाली नालीदार प्लास्टिकचा पत्रा, आणि सगळं झिप असलेल्या जाड पॉलिथिनच्या पिशवीत. पिशवी त्याच कोरड्या खोलीत बंद करायची. सिलिका जेलच्या मुठी भरू नका. फार कोरडं झालं तर वसली वाकते आणि रंगाला तडे जातात. कोरडे पुठ्ठे स्वतःच ओल शोषून घेतात, तेवढं पुरतं.

सात चित्रांचा गठ्ठा वह्यांच्या थप्पीएवढा जाड होतो, केबिन बॅगेत आडवा मावतो. तुमच्या विमान कंपनीची मापं आधी बघा आणि पुठ्ठ्यांचं माप त्याप्रमाणे ठरवा, उलट नको. त्या बॅगेत पाण्याची बाटली, सॅनिटायझर, लोणचं, काही नको. तपासणीत एक्स-रेने रंगांना काही होत नाही. उघडायला सांगितलं तर शांतपणे सांगा की उघडते, पण मी स्वतः, आणि आडव्या टेबलावर. फीत सुटणारी ठेवायची ती याचसाठी. विमानात वरच्या कप्प्यात चित्रं वर तोंड करून आडवी ठेवा.

गंजिफ्याचं वेगळं आहे. तो डबा दशावताराचा असेल तर त्यात दहा अवतारांचे बारा-बारा, असे 120 गोल पत्ते. रंगावर लाखेचा हात असतो, म्हणून पाण्याचं भय कमी, पण उष्णता आणि दाब मिळाला की पत्ते एकमेकांना चिकटतात, आणि सोडवताना एकाचा मत्स्य दुसऱ्याच्या कूर्मावर येतो. बेकिंगसाठी मिळतो तो सिलिकॉनचा कागद (साधा बटर पेपर नव्हे) गोल कापून प्रत्येक पत्त्यामध्ये एक घाला. बारा-बाराच्या दहा सैल पुड्या करा, रबरबँड लावू नका. पुड्या हातातल्या सामानात. रंगवलेला लाकडी डबा रिकामा करून, आत कागदाचे बोळे भरून, कपड्यांमध्ये गुंडाळून कंटेनरमध्ये गेला तरी हरकत नाही.

मुलाच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे न्यायचे का, असंही विचारलंयत. त्याचे लाडके चार कापसात गुंडाळून न्या, बाकीचे आइंडहोवनलाही मातीचे करता येतात.

रिकाम्या फ्रेमा कंटेनरमध्ये पाठवताना काच तिथेच पुण्यात देऊन टाका. आइंडहोवनला नवीन, अतिनील किरण अडवणारी काच घालून घ्या. पॅकर्सवाला लाकडी पेटी करणार असेल तर लाकडावर आयएसपीएम-15 चा शिक्का आहे ना ते बघा. कीड मारण्यासाठी लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर तीस मिनिटं तापवल्याची किंवा त्याला धुरी दिल्याची ती खूण असते, ती नसलेली पेटी बंदरात अडकते. विम्याची अटही वाचून घ्या. मालकाने स्वतः बांधलेल्या खोक्यातली मोडतोड बऱ्याच विम्यांत भरून मिळत नाही. चित्रं हातात न्यायची असल्याने तुम्हाला याचा फरक पडत नाही, पण काचेच्या बाकी सामानाला पडतो.

डच कस्टम्सकडे घरसामानाच्या करमाफीसाठी आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. युरोपचा नियम असा की तुम्ही सलग बारा महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेल्या हव्यात, वस्तू किमान सहा महिने तुमच्या वापरातली हवी, आणि तिकडे पोहोचल्यावर बारा महिने ती विकायची नाही, उसनीही द्यायची नाही. यादीत ही सात चित्रं आणि गंजिफा नावानिशी घाला, 'विमानाने सोबत' असं लिहून. आणि निघायच्या आदल्या महिन्यात जयपूरला जाऊन आठवं घेऊ नका. ते सहा महिन्यांच्या अटीत बसत नाही, मग 430 युरोंच्या वर किंमत असली तर विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन जाहीर करावं लागतं.

पोहोचल्यावर गठ्ठा लगेच उघडायचा नाही. खोलीच्या तापमानाला यायला एक दिवस द्या, नाहीतर थंड पुठ्ठ्यावर दव धरतं. घर वरच्या मजल्यावर असेल तर कंटेनरचं सामान बाहेरून लिफ्टने खिडकीतून आत येईल, जिने इतके अरुंद असतात. त्या दिवशी घर उघडंच असतं, म्हणून चित्रं कपाटात राहू द्या. पुढे टांगताना बाहेरची भिंत टाळा, ती हिवाळ्यात गार आणि ओलसर राहते. रेडिएटरच्या वर नको: हीटर चालू झाला की घरातली आर्द्रता 30-35 टक्क्यांपर्यंत उतरते. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीसमोरही नको. सातही एकदम लावू नका. दोन-तीन लावा, तीन-चार महिन्यांनी बदला. संग्रहालयं कागदावरची चित्रं अशीच फिरती ठेवतात. रेम्ब्रांटने 1656 ते 1661 च्या सुमारास मुघल लघुचित्रं बघून रेखाटनं केली होती, त्यातली वीसहून अधिक आजही आहेत, आणि तीही बहुतेक काळ अंधारातच असतात.

माउंटबोर्ड घेताना दुकानदाराला 'आम्लरहित' असं स्पष्ट सांगा आणि कापलेली कड बघा. साध्या बोर्डाचा गाभा काही वर्षांत तपकिरी होतो, आणि दुकानात पडून असलेल्या जुन्या तुकड्यांवर ते आत्ताच दिसतं. दाखल्याचा अर्ज या आठवड्यात टाका.