अळ्या पाळणाऱ्या मुलीला सवंगडी हवेत

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी कढीपत्त्यावरच्या अळ्या बरणीत पाळते. सोसायटीतली मुलं तिला ‘अळीवाली’ म्हणून चिडवतात. तिच्यासारखी मुलं कुठे भेटतील? - एक आई, डोंबिवली

उत्तर : कढीपत्त्यावरची ती अळी बहुधा लिंबाळी फुलपाखराची असावी. लहानपणी ती थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर डिवचलं की डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढते. हे चिडवणाऱ्यांना एकदा दाखवाच, निम्मे तिथेच फितूर होतील!

आता गटांबद्दल. आधी शाळेत विचारा. राष्ट्रीय हरित सेनेचं पथक, म्हणजे मुलांचा पर्यावरण गट, अनेक शाळांत कागदोपत्री असतं, एखादी उत्साही बाई भेटली तर ते जागं होतं. तिच्या वयाला भारत स्काउट्स आणि गाईड्सचं बुलबुल पथक आहे, दहाव्या वर्षापासून गाईड. मुंबईत 1883 पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निसर्गफेऱ्या काढते. सायनजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर जुन्या कचराभूमीवर उभं राहिलंय, तेही तिला आवडेल.

झिपलाइन आणि डीजेवाल्या ‘निसर्ग शिबिरा’त मात्र पैसे घालू नका. फोन करून एवढंच विचारा : एका मार्गदर्शकामागे मुलं किती, मुलींसोबत बाई असते का, आणि एखाद्या झाडापाशी दहा मिनिटं थांबू देता का? पहिल्या फेरीला तुम्हीही जा. पाण्याची बाटली, टोपी, वही पुरे. बरणीच्या झाकणाला भोकं आहेत ना?