साहेबाचं ‘ब्लडी’ आणि आपलं ‘मेलं’

आमच्या इमारतीतल्या काकांनी परवा मला जिन्यात अडवलं. वय 78, ऐकू छान येतं, झोप कमी. नातू इंग्लंडात लीड्सला नोकरीला लागलाय. व्हिडिओ कॉलवर तो खुशीत सांगत होता, की पहिलंच काम बघून साहेब म्हणाला, “दॅट्स ब्लडी ब्रिलियंट, मेट!” घरातले सगळे हसले, काका हसले नाहीत. 1969 साली फोर्टातल्या एका कचेरीत ते नवे कारकून असताना त्यांच्या साहेबाने फाइल टेबलावर आपटून “यू ब्लडी फूल” म्हटलं होतं. त्या दिवशी अंगात कुठला शर्ट होता तेसुद्धा त्यांना आठवतं. तर प्रश्न असा: हा तोच शब्द का? शिवी असेल तर पोरगा खूश कसा? आणि ‘रक्ताळलेलं हुशार’ म्हणजे काय?

शब्द तोच. पण काकांच्या कानावर पडला तो त्याचा एक तुकडा, आणि नातवाच्या कानावर पडला तो दुसरा.

आधी रक्ताचा विषय संपवू. ‘ब्लडी’चा शब्दशः अर्थ रक्ताने माखलेला. शेक्सपिअरच्या काळात तो त्याच अर्थाने सर्रास येतो, आणि सोळाव्या शतकातल्या मेरी राणीला ‘ब्लडी मेरी’ म्हणतात तेही खऱ्या रक्तावरूनच. तिने प्रोटेस्टंटांना जाळून मारलं होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तो ‘फार, अतिशय’ अशा अर्थाने दिसू लागतो, आणि सुरुवातीला दारूच्या संदर्भात. ‘ब्लडी ड्रंक’ म्हणजे तर्र. त्या काळी लंडनमध्ये श्रीमंतांच्या उनाड पोरांना ‘ब्लड्स’ म्हणत, म्हणजे मोठ्या रक्ताचे, खानदानी. त्यांच्यासारखी प्यायलेला तो ‘ब्लडी ड्रंक’, अशी एक उपपत्ती कोशकार देतात. ‘बाय अवर लेडी’, म्हणजे माता मेरीची शपथ, हिचा अपभ्रंश होऊन ‘ब्लडी’ झाला ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती ऐकायला गोड आहे, पण भाषेचे अभ्यासक ती मानत नाहीत. ‘बाय अवर लेडी’ हे वाक्यात उद्गारासारखं येईल. ‘ब्लडी ड्रंक’मधल्या जागी ते बसतच नाही.

गंमत म्हणजे तेव्हा हा शब्द काही अगदी वाया गेलेला नव्हता. जोनाथन स्विफ्ट हा धर्मोपदेशक. 1711 साली आपल्या मैत्रिणीला पत्रात लिहितो की आज चालताना ‘ब्लडी हॉट’ होत होतं. आपण ‘मरणाचं उकडतंय’ म्हणतो तसं. 1755 साली डॉ. जॉन्सनच्या कोशात मात्र त्याच्यापुढे ‘फार असभ्य’ असा शेरा पडला. पुढची दीडशे वर्षं हा शब्द इंग्रजांच्या घरात बायकापोरांसमोर उच्चारायची सोय नव्हती. वर्तमानपत्रं पोलीस कोर्टाच्या बातम्यांत पहिलं आणि शेवटचं अक्षर छापून मधे रेघ ओढत.

शब्दावर बंदी आली की त्याचे जुळे भाऊ जन्माला येतात. ‘रडी’, ‘ब्लूमिंग’, ‘ब्लिंकिंग’ हे सगळे ‘ब्लडी’चा मुखवटा घालून फिरणारे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने आपल्या कवितांतल्या गोऱ्या शिपायांच्या तोंडी ‘ब्लूमिन’ घातलं. बराकीतले खरे शिपाई काय म्हणत असतील ते वाचणाऱ्याला कळायचं. 1887 साली गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्रज लेखक-संगीतकार जोडीच्या एका संगीतिकेच्या नावात ‘रडी’ आलं, तर सभ्य लोकांनी नाकं मुरडली आणि काही दिवसांतच नावाचं स्पेलिंग बदलावं लागलं. ‘रडी’ म्हणजे ‘ब्लडी’च की, असं कोणी म्हटल्यावर गिल्बर्टने दिलेलं उत्तर सांगतात ते असं: “तुमच्या ‘रडी’ चेहऱ्याचं मी कौतुक केलं, तर त्याचा अर्थ तुमचा ‘ब्लडी चीक’ मला आवडतो असा होत नाही.” ‘रडी’ म्हणजे लालसर, आणि ‘चीक’ म्हणजे गाल तसाच आगाऊपणाही. हा विनोद मराठीत आणायचा मी एकदा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

आपल्याकडचा असाच मुखवटा म्हणजे मुंबईची ‘भेंडी’. कॉलेजच्या कट्ट्यावर दर तिसऱ्या वाक्यात येणाऱ्या या भेंडीचा भाजीशी किती संबंध आहे हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. आजीसमोर निसटली तरी निभावून जातं, एवढाच तिचा उपयोग.

‘ब्लडी’चं सोवळं सुटलं ते नाटकात. 11 एप्रिल 1914, लंडन, बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’. फुलं विकणारी एलायझा उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यात घासूनपुसून शिकलेल्या उच्चारांत बोलते आणि निघताना ‘बागेतून चालत जाणार का’ या प्रश्नावर त्याच शुद्ध उच्चारांत म्हणते, “वॉक? नॉट ब्लडी लाइकली. आय अ‍ॅम गोइंग इन अ टॅक्सी.” प्रेक्षागृहात हशा उसळला तो मिनिटभराहून जास्त थांबेना म्हणतात. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने लिहिले, शब्द मात्र छापायचं टाळलं. लोकांनी थट्टेत ‘नॉट पिग्मॅलियन लाइकली’ म्हणायला सुरुवात केली. या नाटकाची मराठी लेक, पु. लं.ची ‘ती फुलराणी’, आपल्याकडे 1975 मध्ये आली. मूळ शब्दाचं वजन कसं उतरलं याचा पुरावाही याच कथेत आहे. 1956 साली तिचं इंग्रजीत संगीत नाटक झालं, तेव्हा ‘ब्लडी’ने कोणी दचकेना. म्हणून एलायझाच्या तोंडी घोड्यांच्या शर्यतीत पार्श्वभागाचा उल्लेख असलेलं वाक्य घालावं लागलं. चाळीस वर्षांत दारूगोळा सर्दावला.

आज ब्रिटनमध्ये हा शब्द सौम्य समजतात. तिथल्या प्रसारण नियामकाने, ऑफकॉमने, 2016 साली लोकांना विचारून शिव्यांची प्रतवारी लावली, त्यात तो खालच्या, सौम्य गटात पडला. तरी अगदीच गुळगुळीत झालाय असंही नाही. 2006 साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पर्यटन संस्थेने ‘सो व्हेअर द ब्लडी हेल आर यू?’ अशी जाहिरात काढली. आम्ही बिअर ओतून ठेवली, उंटांची अंघोळ झाली, तुम्ही आहात कुठे, अशा धर्तीची. ऑस्ट्रेलियात हा शब्द इतका घरचा, की त्याला ‘महान ऑस्ट्रेलियन विशेषण’ म्हणतात. पण ब्रिटनमध्ये ती जाहिरात टीव्हीवर आधी अडवली, मग ऑस्ट्रेलियाची पर्यटनमंत्री लंडनला धावली आणि मोठ्या वादावादीनंतर ती दिसू लागली. त्या पर्यटन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख स्कॉट मॉरिसन पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. अमेरिकेत या शब्दाने कोणालाच काही वाटत नाही. तिथे तो वापरला तर तुम्ही इंग्रजांची नक्कल करताय एवढंच समजतात.

आता काकांच्या मूळ शंकेकडे. शब्द वाक्यात कुठे बसतो त्यावर सगळं आहे. ‘ब्लडी ट्रेन’ म्हटलं की बोलणारा गाडीवर वैतागलाय. ‘ब्लडी गुड’ म्हटलं की तारीफ, आणि मनापासूनची. ‘ब्लडी कोल्ड’ म्हणजे जाम थंडी. ‘ब्लडी हेल’ नुसता उद्गार, पाकीट हरवलं तरी आणि लॉटरी लागली तरी. ‘यू ब्लडी’च्या पुढे नाम आलं, की तो माणसावर उगारलेला हात. हीच काकांची फाइल. नाहीतर हा शब्द नुसता आवाज चढवतो. अर्थ पुढचा शब्द ठरवतो. आणि एक जागा त्याला वर्ज्य आहे. ‘शर्ट इज ब्लडी’ असं शेवटी आणून ठेवलं, की शिवी गायब होते आणि खरं रक्त दिसायला लागतं.

त्याहून मजेची जागा शब्दाच्या पोटातली. ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ फोडून ‘अ‍ॅब्सो-ब्लडी-ल्यूटली’, ‘फँटॅस्टिक’चं ‘फॅन-ब्लडी-टॅस्टिक’. ही फोड कुठेही करता येत नाही. ज्या अक्षरावर आघात असतो त्याच्या बरोबर आधी पाचर मारायची. शाळेत कोणी हे शिकवत नाही, पण तिथलं दहा वर्षांचं पोर चुकत नाही. मराठीत ‘अजि-साला-बात नाही’ म्हणून बघा, समोरचा तुमच्या तब्येतीची चौकशी करेल. आपलं ते काम शेपटीचा ‘च’ करतो. ‘आय ब्लडी वेल विल गो’ला आपण नुसतं ‘जाणारच’ म्हणतो. एका अक्षरात काम झालं, शिवीचा खर्च नाही.

मग आपल्याकडे ‘ब्लडी’चा एवढा एकच, बोचरा तुकडा का आला? कारण तो आला वरून खाली. गोरा साहेब क्लबात मित्राला ‘ब्लडी गुड शॉट’ म्हणत असेल, पण तेव्हा आपला माणूस फार तर ट्रे घेऊन उभा. त्याच्याशी जे बोललं जाई ते ‘यू ब्लडी’पासून सुरू होई. गोरा गेला, खुर्ची राहिली, खुर्चीबरोबर शब्द राहिला. काकांचा साहेब तर चांगला दादरचा होता. हिंदी सिनेमातल्या टोपीवाल्या इंग्रजाने ‘ब्लडी इंडियन’ म्हणून म्हणून तो आणखी घट्ट केला. शेवटी ‘ए ब्लडी!’ असं नुसतंच, पुढे नाम नसलेलं रूप आपण तयार केलं, जे इंग्रजाला अर्धवट वाटेल. मऊ झालेली एक जागा तेवढी सापडते ती लष्करात. खडकीत किंवा देवळालीत एखादा निवृत्त कर्नल ‘ब्लडी सिव्हिलियन’ म्हणाला, तर त्यात चेष्टा किती आणि कळकळ किती हे त्याच्या मिशीकडे बघून ठरवायचं.

हे सगळं मी जिन्यात सांगत असताना वरून काकूंचा आवाज आला: “अहो, चहा गार झाला. काय मेलं जिन्यात उभं राहून बोलताय!”

घ्या, ‘ब्लडी’चं मराठी वरच्या मजल्यावरूनच आलं. ‘मेला, मेली, मेलं’चा मूळ अर्थ ‘मृत’, म्हणजे रक्ताइतकाच भीषण. पण ‘मेला पाऊस थांबेना’, ‘मेली लाइट गेली’ यात कोणी मरत नाही. जागेचा नियमसुद्धा तसाच. ‘मांजर मेलं दूध पिऊन गेलं’ यातलं मांजर ठणठणीत आहे. ‘दूध पिऊन मांजर मेलं’ म्हटलं की दुधाची तपासणी करायला हवी. फरक एवढाच, की ‘ब्लडी’ पुरुषी समजला गेला आणि ‘मेलं’ बायकांच्या बोलण्यातलं. पुरुषांनी त्या जागी ‘साला’ घेतला. साला पाऊस, साली ट्रेन, सालं नशीब. बायकोच्या भावाचा इथे काहीही संबंध उरलेला नाही, नाहीतर नशिबाशी सोयरीक कशी जुळणार? ‘च्यायला’ची तीच कथा. ‘तुझ्या आईला’ हे त्यात स्पष्ट असूनही ‘च्यायला, काय शॉट मारला!’ यात आई कोणालाच ऐकू येत नाही. आणि ‘ब्लडी गुड’सारखं भीषण शब्दाने कौतुक करणं तर आपण रोज करतो: ‘भयंकर सुंदर’, ‘भयानक आवडलं’.

म्हणून अनुवाद करणाऱ्यांना माझी विनंती, की ‘ब्लडी’ला एकच मराठी शब्द शोधत बसू नका. ‘ब्लडी ट्रेन’ला मेली किंवा साली गाडी. ‘ब्लडी ब्रिलियंट’ला च्यायला, भारीच! ‘ब्लडी हेल’ला नुसतं आयला. ‘ब्लडी फूल’ला मूर्ख लेकाचा. एका उपशीर्षकात मी ‘रक्तरंजित मूर्ख’ वाचलंय, ते मात्र नको. एलायझाच्या वाक्यावर मी बरीच वर्षं अडलो होतो. सध्या माझं मत ‘चालत? अडलंय माझं खेटर! टॅक्सीनं जाणार मी’ याला आहे. चालण्याच्या प्रश्नाला खेटराचं उत्तर आयतंच मिळतं.

काका चहाला वर निघाले. दोन पायऱ्या चढून वळले आणि म्हणाले, “म्हणजे पोरगा पास झाला म्हणायचा. त्यानेही साहेबाशी तसंच बोलावं का?”

मी म्हटलं, सहा महिने नुसतं ऐकू दे. कोण कोणाला म्हणतो, कुठल्या बैठकीत कोणीच म्हणत नाही, हे बघू दे. ई-मेलमध्ये कधीच नको. आणि पहिल्यांदा वापरायचा तर माणसावर नको, हवेवर वापरू दे. लीड्सच्या हवेला ‘ब्लडी’ म्हटलं तर कोणी हरकत घेणार नाही.