पेडेस्टल पुसताना

नागपूर, मे महिना

प्रिय बेटा,

'काका, कॅमेरा शिकायला आली अन् चाकं पुसून राहिली,' हा तुझा मेसेज वाचून हसू आलं. पेडेस्टल म्हणजे स्टुडिओ कॅमेऱ्याचा चाकांवरचा स्टँड; पहिले सहा महिने मीही त्याचीच चाकं पुसली, तुझ्याहून जास्त कुरकुरत.

ऑन एअर फ्रेमला बारीकसा झटका बसला की सगळे कॅमेरामनकडे बघतात. तू चाकाकडे बघ. गॅफर टेपचा तुकडा, ओढणीचा दोरा, लांब केस, काहीतरी गुंडाळलेलं सापडेलच. चिमट्याने काढ. केबल गार्डही, म्हणजे केबलला चाकापासून दूर सारणारी पट्टीही बघ: फार वर असला तर केबल चाकाखाली शिरते, फार खाली असला तर फरशीला घासतो.

आधी कोरडं, मग ओलं. मऊ ब्रशने धूळ झाडायची, मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं कापड. थिनर-पेट्रोल नको, रबर आणि रंग दोन्ही जातात. कॉलमला, म्हणजे वर-खाली होणाऱ्या मधल्या खांबाला, आपल्या मनाने तेल तर मुळीच नको. चकाकतो, मान्य, पण त्यावर आपल्या गावची उन्हाळी धूळ बसली की सीलवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या कड्यावर, पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. फ्लुइड हेडचंही, म्हणजे कॅमेरा ज्यावर वळतो त्या भागाचंही, तेच. पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, मऊ होतं ते आतल्या दाट द्रवामुळे, बाहेरून थेंब सोडून काही साधत नाही. रात्री कव्हर घालण्याआधी ड्रॅग, म्हणजे फिरवतानाचा अडथळा, शून्यावर आणून ठेव.

आता हवेबद्दल, कारण इथं चूक झाली तर माणूस दुखावतो. तुमचं पेडेस्टल दाबाखालच्या वायूवर चालतं. कॅमेरा, हेड, प्रॉम्प्टर (निवेदकाला मजकूर दाखवणारा पडदा), सगळं वजन तो वायू पेलतो. वजन काढलं की दाब तेवढाच राहतो. म्हणून काहीही उतरवण्याआधी कॉलम पूर्ण खाली आणून लॉक करायचा. मी एकदा घाईत प्रॉम्प्टर काढला, लॉक विसरलो. कॉलम उसळला तो थेट हनुवटीवर. तीन टाके. दाढी मी हौसेने वाढवलेली नाही.

सेट लागताना पेडेस्टल बाहेर व्हरांड्यात काढता ना? २२ अंशांतून ४५ अंशांत गेलं की आतला दाब सुमारे ८ टक्के वाढतो. तेव्हाच हवा सोडून बॅलन्स केलास, तर एसीत परत आल्यावर कॉलम हळूहळू खाली बसेल. स्टुडिओत तासभर थंड होऊ दे. मग मधल्या उंचीवर हात सोडून बघ: ना वर चढला पाहिजे, ना खाली. रोजच हवा भरावी लागत असेल तर सील गळतंय. इंजिनिअरला सांग, दाबाखालचा बोल्ट स्वतः उघडू नकोस.

दीक्षाभूमीहून किंवा अधिवेशनाहून आलेले ट्रायपॉड वेगळे ठेव. पाय पूर्ण लांब करून पुसल्याशिवाय मिटायचे नाहीत, नाहीतर रेती नळीत जाते.

शनिवारी सीताबर्डीला येतोय, वाटेत तुमच्याकडे डोकावतो. बाबांचा दाढीचा जुना ब्रश मागून ठेव. नवा नको, केस कडक असतात.

तुझा,
काका